युद्धकैद्यांचे मेंढपाळ : फादर एमिल कपॉन



हाती लागलेल्या सैनिकाला ठार मारू नये, जखमी शत्रूचीही शुश्रूषा करावी, असा करार 1949 साली जिनिव्हात झाला. पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटले आणि करार कागदावरच राहिला. 16 जुलै 1950 रोजी तेजॉन शहराच्या उत्तरेस सुमारे तीस जखमी अमेरिकन सैनिकांना उत्तर कोरियाच्या सैनिकांनी ठार केले. त्यांना सोडून जायचे नाकारणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू हर्मन फेलहोल्टर हेही त्यांच्यासोबत मारले गेले. त्याच महिन्यात फादर एमिल कपॉन कोरियात उतरले.

त्यांचा जन्म 1916चा, कॅन्सास राज्यातील पिल्सन या खेड्यातला. चेक वंशाचे शेतकरी कुटुंब. 1940 साली गुरुदीक्षा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस चॅप्लेन म्हणून ते ब्रह्मदेशात व आपल्या भारतातही होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

नोव्हेंबर 1950च्या आरंभी उन्सान येथे चिनी सैन्याने त्यांच्या तुकडीला वेढले. निसटता आले असते. पण जखमींना टाकून ते गेले नाहीत आणि पकडले गेले. घोटा मोडून चरात पडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलर यांच्या डोक्यावर एका चिनी सैनिकाने बंदूक रोखली होती. फादर सरळ चालत गेले, बंदूक हाताने बाजूला सारली, मिलरना उचलले आणि वाटेला लागले. गोळी सुटली नाही.

प्योकतोंगच्या छावणीत त्या हिवाळ्यात थंडी, उपासमार आणि हगवणीने कैदी पटापट मरत होते. फादर चोरून धान्य आणीत; त्याआधी क्रुसावरच्या चांगल्या चोराची, संत दिस्मासची, मध्यस्थी मागत. (जीव वाचवण्यासाठी घेतलेले अन्न चोरी ठरत नाही, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. सेमिनरीत आम्ही यावर तासन्‌तास वाद घातला, तोही पोटभर जेवून!) पत्रा ठोकून भांडी करावीत, पाणी उकळावे, आजाऱ्यांचे घाण झालेले कपडे धुवावेत, असा त्यांचा दिनक्रम. धर्माचरणावर बंदी असतानाही 25 मार्च 1951 रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांनी उघड्यावर प्रार्थना चालवली.

पुढे पायात रक्ताची गाठ झाली, न्युमोनिया झाला. पहारेकऱ्यांनी त्यांना इस्पितळ म्हणवल्या जाणाऱ्या खोलीत नेऊन टाकले. तिथे उपचार नव्हतेच. जाताना त्यांनी या माणसांसाठीही क्षमा मागितली. 23 मे 1951 रोजी, वयाच्या 35व्या वर्षी ते वारले.

त्यांच्या अस्थींची ओळख 2021 साली पटली, त्या आता विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. 2025 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय म्हणून मान्यता दिली. त्याआधी, 2013 साली, अमेरिकेने त्यांना सर्वोच्च लष्करी पदक मरणोत्तर दिले. त्या समारंभाला वृद्ध हर्बर्ट मिलर हजर होते.