जॉर्ज फ्रेडरिक स्टिल

सर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल (२७ फेब्रुवारी १८६८ – २८ जून १९४१) हे इंग्लिश बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना इंग्लंडमधील बालरोगशास्त्राचे जनक मानले जाते. लहान मुलांच्या एका संधिवातास त्यांचे नाव दिलेले आहे. अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराच्या (एडीएचडी) इतिहासात त्यांच्या १९०२ सालच्या व्याख्यानांचा उल्लेख आवर्जून केला जातो.

जीवन

स्टिल यांचा जन्म लंडनमधील हायबरी येथे झाला. केंब्रिज येथे अभिजात भाषांचे अध्ययन केल्यावर त्यांनी लंडनच्या गायज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात काम करताना त्यांनी मुलांच्या दीर्घकालीन संधिवाताचे वर्णन केले. ते १८९७ साली प्रसिद्ध झाले. १९०६ साली ते किंग्ज कॉलेजमध्ये बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते अविवाहित होते.

१९०२ ची व्याख्याने

मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बुद्धी सर्वसाधारण असूनही ज्यांना स्वतःच्या वर्तनावर ताबा ठेवता येत नाही, अशा २० मुलांचे निरीक्षण त्यांत होते. त्यांपैकी १५ मुलगे व ५ मुली होत्या. आवेग, हट्ट, क्रोध आणि एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे त्यांनी नोंदवली.

अशा वर्तनाचा दोष त्या काळी पालकांच्या माथी मारला जाई. चांगल्या घरात, नीट वाढवलेल्या मुलांतही हे वर्तन आढळते, असे स्टिल यांनी दाखवले आणि त्याचे मूळ शरीरात व आनुवंशिकतेत शोधले. मात्र या अवस्थेला त्यांनी नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले. नातेवाइकांतील मद्यपान व आत्महत्या यांच्या नोंदी करताना कुळाच्या अधःपतनाची तत्कालीन कल्पनाही त्यांनी स्वीकारली. त्यामुळे पालकांवरील दोष हलका झाला, तरी कुळावरचा कलंक राहिला.

पुढील संशोधन

स्टिल यांनी वर्णिलेल्या सर्व मुलांना आजच्या निकषांनुसार हाच विकार होता, असे अभ्यासक मानत नाहीत. आनुवंशिकतेचा त्यांचा तर्क मात्र टिकला. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. या दोहोंची तुलना करणाऱ्या ३७ अभ्यासांच्या २०१९ मधील आढाव्यात या विकाराची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के आढळली. हा आकडा समूहातील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांविषयी आहे; एखाद्या मुलाचा विकार ७४ टक्के आनुवंशिक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. २०१९ साली संपूर्ण जनुकसंचाच्या पाहणीत विकाराशी निगडित १२ स्थाने सापडली. २०२३ मध्ये ती संख्या २७ झाली. प्रत्येक स्थानाचा परिणाम अत्यल्प असून ही जनुकरूपे निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. त्यामुळे एका जनुकाच्या तपासणीवरून निदान करता येत नाही. अकाली जन्म व जन्मतः कमी वजन यांचाही विकाराशी संबंध आढळला आहे.

उत्तरायुष्य

१९२८ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ संघटनेचे स्टिल पहिले अध्यक्ष होते. बालरोगशास्त्राच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. १९३७ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर ते सॉल्झबरीजवळ राहत. तेथेच त्यांचे निधन झाले.