मुक्या जिवांना घर मिळवून देणारे संत मार्टिन

नोव्हेंबरच्या १ तारखेला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो. २ तारखेला आपल्या मृत आप्तांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३ नोव्हेंबरला, ख्रिस्तसभा संत मार्टिन डी पोरेस यांचे स्मरण करते. दोन मोठ्या दिवसांच्या पाठोपाठ येत असल्याने हा सण पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

या संताचे चित्र मात्र काहींनी पाहिले असेल. डॉमिनिकन संघाच्या पांढऱ्या-काळ्या झग्यातला एक सावळा ब्रदर, हातात झाडू, आणि पायाशी एकाच ताटलीत खाणारे कुत्रा, मांजर व उंदीर. मुलांना हे चित्र गोष्टीतले वाटते. पण त्यामागे एक खडतर आयुष्य आहे. घर नसलेल्या कुत्र्यामांजरांवर दया कशी करावी, याचा एक शहाणा धडाही त्यात आहे.

बापाचे नाव नसलेला मुलगा

मार्टिनचा जन्म १५७९ साली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा शहरात झाला. त्या वेळी पेरूवर स्पेनचे राज्य होते. वडील हुआन डी पोरेस हे स्पॅनिश उमराव घराण्यातले. आई आना वेलास्केस ही पनामाहून आलेली, गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णी स्त्री. दोघांचे लग्न झालेले नव्हते. सॅन सेबास्तियन चर्चमध्ये बाळाचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा नोंदवहीत वडील अज्ञात असे लिहिले गेले. पुढे १५८६ साली त्याच चर्चमध्ये लिमाच्या संत रोझ यांचाही स्नानसंस्कार झाला. एका चर्चच्या नोंदवहीत सात वर्षांच्या अंतराने दोन संतांची नावे यावीत, ही देवाचीच करणी!

मार्टिननंतर दोन वर्षांनी त्याची बहीण हुआना जन्मली. मुले आईच्या रंगावर गेली होती. वडिलांनी काही काळ त्यांच्याकडे पाठ फिरवली. पुढे त्यांनी मुलांना ग्वायाकिल येथे नेले, थोडे शिक्षण दिले. पण कामानिमित्त त्यांना पनामाला जावे लागले आणि मार्टिन पुन्हा लिमाला आईपाशी आला. गरिबी, रंगावरून होणारी हेटाळणी आणि बापाची सावली नसणे, हे सारे या मुलाने लहानपणीच सोसले. आपण कुणाला नकोसे आहोत, ही भावना काय असते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

साधारण बाराव्या वर्षी आईने त्याला एका न्हाव्याच्या हाताखाली ठेवले. त्या काळचा न्हावी केवळ केस कापणारा नसे. जखमा धुणे व शिवणे, दात काढणे, हाडे बसवणे, झाडपाल्याची औषधे देणे हे सगळे तोच करी. मार्टिनने ही विद्या मन लावून आत्मसात केली. हेच शिक्षण पुढे शेकडो माणसांच्या आणि कितीतरी मुक्या जनावरांच्या कामी आले.

झाडू हाती घेतलेला ब्रदर

वयाच्या पंधराव्या वर्षी मार्टिन लिमातील डॉमिनिकन संघाच्या पवित्र जपमाळेच्या मठात दाखल झाले. पण आफ्रिकन किंवा मूळ रहिवासी वंशाच्या व्यक्तीला संघात पूर्ण प्रवेश द्यायचा नाही, असा त्या काळी पेरूमध्ये नियम होता. म्हणून ते मठाचे सेवक म्हणून राहिले. झाडलोट, भांडीकुंडी, कपडे धुणे, मठवासीयांचे केस कापणे ही कामे त्यांच्याकडे आली. त्यांनी ती हसतमुखाने केली. हातातला झाडू तेव्हापासूनचा.

एकदा मठ कर्जबाजारी झाला. मठप्रमुख काही मौल्यवान वस्तू विकायला निघाले, तेव्हा मार्टिन धावत गेले आणि त्याऐवजी आपल्यालाच गुलाम म्हणून विकावे अशी त्यांनी विनवणी केली. मठप्रमुखांनी अर्थातच ती मानली नाही. पुढे १६०३ साली त्यांच्याबाबतीत तो जाचक नियम बाजूला ठेवण्यात आला आणि त्यांनी ब्रदर म्हणून व्रते घेतली.

मठातील आजाऱ्यांचा दवाखाना त्यांच्या हाती सोपवण्यात आला. स्पॅनिश सरदार असो, मूळ रहिवासी असो की आफ्रिकेतून आणलेला गुलाम असो, त्यांच्या लेखी सारे सारखे. मठाच्या दारात ते रोज सुमारे १६० गोरगरिबांना अन्न वाटत, असे चरित्रकार सांगतात. टाकून दिलेल्या मुलांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी श्रीमंतांकडे शब्द टाकला. रात्रीची झोप ते कमी करीत आणि तो वेळ पवित्र साक्रामेंतासमोर घालवीत.

दारात आलेले जखमी कुत्रे

आजारी माणसांसाठी उघडलेले ते दार मुक्या जिवांनीही हेरले. रस्त्यावर मार खाल्लेली, चावाचावीत फाटलेली, म्हातारी झाल्यामुळे धन्याने हाकलून दिलेली कुत्री मठाच्या आवारात येऊ लागली. ब्रदर मार्टिन त्यांची जखम धूत, गरज पडली तर टाके घालीत आणि मेंढीच्या कातड्यावर त्यांना निजवीत. माणसांसाठी शिकलेली विद्या जनावरांवर वापरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर, १६६० सालापासून, त्यांच्या पवित्र जीवनाविषयी रीतसर साक्षी नोंदवण्यात आल्या. त्यांत जनावरांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. उंदरांनी मठातील वस्त्रे कुरतडली म्हणून विष घालण्याचे ठरले होते. ब्रदर मार्टिन यांनी एक उंदीर पकडला, भूक लागते म्हणूनच तुम्ही कुरतडता ना, असे त्याला समजावले, आणि सर्वांनी बागेत राहावे, आपण तिथे रोज खायला आणून देऊ असे सांगून त्याला सोडले. उंदरांनी म्हणे ते ऐकले. दुसरी गोष्ट मठातल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याची. कित्येक वर्षे त्याने आपल्या धन्याची साथ केली. पण अंगाला खरूज व दुर्गंधी सुटल्यावर धन्याने त्याला ठार मारायला लावले. ब्रदर मार्टिन यांनी, इतक्या वर्षांच्या सेवेचे हेच का फळ, असे त्या मठवासीयाला विचारले. मेलेले कुत्रे त्यांनी आपल्या खोलीत नेले, आणि दुसऱ्या दिवशी लोकांना ते चालताना दिसले, असे साक्षीत सांगितले आहे.

चमत्काराचा भाग प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. पण त्या प्रश्नातला दम कुणालाही नाकारता येणार नाही. घराची राखण करून करून म्हातारे झालेले कुत्रे दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येणारी माणसे आजही आहेत.

बहिणीच्या घरचे पाहुणे

आता या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कुत्र्यामांजरांची संख्या वाढली आणि मठात घाण होऊ लागली. मठ हे शेवटी अनेकांचे राहण्याचे व प्रार्थनेचे ठिकाण. वरिष्ठांनी जनावरे तिथे ठेवायला मनाई केली. ब्रदर मार्टिन यांनी भांडण केले नाही, तोंड पाडून बसले नाहीत, आणि जनावरांना रस्त्यावरही सोडले नाही. ते हुआनाकडे गेले. ती तोवर लग्न होऊन लिमातच संसार करीत होती. तिच्या घरात त्यांनी या जखमी आणि बेवारस कुत्र्यामांजरांसाठी जागा मागितली, आणि तिने ती दिली.

हुआनाच्या घराला अशी पाहुणेमंडळी नवी नव्हती. साथीच्या दिवसांत ब्रदर मार्टिन रस्त्यावरचे आजारी लोक मठात आणून आपल्या बिछान्यावर निजवीत. रोग पसरेल या भीतीने प्रांताधिकाऱ्यांनी ते बंद करायला सांगितले, तेव्हा हे आजारीही हुआनाच्या घरी गेले. तरीही एके दिवशी भोसकलेला एक मनुष्य रक्ताच्या थारोळ्यात पडलेला दिसला आणि ब्रदर मार्टिन यांनी त्याला आपल्या खोलीत आणले. आज्ञा मोडल्याबद्दल वरिष्ठ रागावले. आज्ञापालन दयेपेक्षा मोठे आहे हे मला ठाऊक नव्हते, तेव्हा मला ते शिकवावे, असे त्यांनी नम्रपणे म्हटले. त्यानंतर वरिष्ठांनी त्यांना अडवले नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ब्रदर मार्टिन यांचा विवेक दिसतो. माणसाचा जीव जाऊ घातला तेव्हा ते थांबले नाहीत. जनावरांच्या बाबतीत मात्र त्यांनी वरिष्ठांचे ऐकले, पण ऐकून दुसरी वाट काढली. त्यांनी दया सोडली नाही आणि तिचा भार मनाविरुद्ध कुणाच्या डोक्यावर टाकलाही नाही.

हुआनाचेही कौतुक करायला हवे. संतांची चरित्रे वाचताना त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बहिणी, आया, वहिन्या आपण विसरतो. कुत्री घर घाण करतात अशी तक्रार तिने भावाकडे केली होती. तिचेही बरोबरच होते. झाडलोट तिलाच करावी लागे. ब्रदर मार्टिन यांनी ती तक्रार उडवून लावली नाही. त्यांनी कुत्र्यांना बाहेर जाण्याची शिस्त लावली आणि ती त्यांनी पाळली, असे सांगितले जाते.

अखेरचे दिवस

३ नोव्हेंबर १६३९ रोजी तापाच्या आजारात ब्रदर मार्टिन यांनी देह ठेवला. वय साठीला टेकले होते. ज्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत बापाचे नाव नव्हते, त्याच्या अंत्ययात्रेला सारे लिमा लोटले. शहरातल्या मोठमोठ्या माणसांनी त्याला खांदा दिला. १८३७ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि ६ मे १९६२ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. वर्णभेद सोसणाऱ्यांचे, न्हाव्यांचे आणि सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्यांचे ते आश्रयदाते संत मानले जातात.

आपल्यासाठी

माणसे उपाशी असताना कुत्र्यामांजरांवर कशाला खर्च करायचा, असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. त्याचबरोबर माणसांच्या दुःखनिवारणासाठी आधी वापरायला हवा तो पैसा जनावरांवर उधळू नये, असेही ती बजावते. संत मार्टिन यांनी दोन्ही सांभाळले. जे हात रोज दारातल्या गरिबांना वाढत होते, तेच कुत्र्याची जखम धूत होते. गरिबाला दाराबाहेर ठेवून त्यांनी कुत्र्याला आत घेतले नाही; पण गरिबाचे नाव पुढे करून कुत्र्याला लाथही मारली नाही.

खोक्यात घालून कुणीतरी सोडून दिलेली पिल्ले पाहून आपले मन द्रवते. मुले ती घरी आणण्याचा हट्ट धरतात. अशा वेळी संत मार्टिन आणि हुआना यांची आठवण ठेवावी. आधी घरातल्या सर्वांना, विशेषतः जिच्यावर काम पडणार तिला, विचारावे. कुत्र्यामांजराचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचेही असते, हे मुलांना सांगावे. आणल्यावर लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे, रेबीजची लस द्यावी आणि ती वेळच्या वेळी पुन्हा द्यावी. योग्य वयात नसबंदी करावी, म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याच दारची पिल्ले रस्त्यावर येणार नाहीत. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी घ्यावी. कुणाला चावा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

आणि आपल्या घरी जागा नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे शब्द टाकावा. संत मार्टिन यांच्यापाशी तरी स्वतःचे घर कुठे होते? त्यांनी बहिणीचे दार ठोठावले, आणि त्या दारातून कितीतरी मुके जीव आत गेले.