गव्हर्नर होण्याआधीच ‘गव्हर्नर’ म्हणून पुस्तक लिहिणारे अप्टन सिंक्लेअर

शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या ‘द जंगल’ कादंबरीमुळे अप्टन सिंक्लेअर 1906 मध्येच गाजले होते. 1934 साली, ऐन महामंदीत, ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. बंद कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांच्या हाती द्यायच्या, गरजू वृद्धांना महिना 50 डॉलर पेन्शन द्यायची, ही त्यांची योजना. आपण गव्हर्नर होऊन गरिबी कशी संपवली, याचं पुस्तकही त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं!

बेकारांना हे पटलं. पण सिंक्लेअर जिंकले तर देशभरातले कंगाल लोक इथे लोटतील, अशी भीती घालणाऱ्या बनावट बातमीफिती थिएटरांत झळकल्या. ज्यांच्याकडे गमवायला घर-नोकरी होती, ते बिचकले. रिपब्लिकन फ्रँक मेरियम यांनीही पेन्शनला पाठिंबा देऊन मुद्दाच पळवला.

मेरियम यांना 11 लाखांवर मतं पडली, सिंक्लेअर यांना पावणेनऊ लाखांवर. मात्र सिंक्लेअर यांच्याच मोहिमेतून सिनेटवर गेलेले कल्बर्ट ओल्सन 1938 मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले.