डेव्हिड डग्लस

स्कॉटलंडमधील स्कून या गावी १७९९ साली एका पाथरवटाच्या घरी डेव्हिड डग्लसचा जन्म झाला. शाळेत त्याचे मन रमेना. रानात भटकावे, पाखरे पाळावी, हाच त्याचा छंद. तुमच्याएवढा असतानाच तो तेथील एका सरदाराच्या बागेत माळीकाम शिकू लागला. पुढे ग्लासगोच्या वनस्पतिउद्यानात काम करताना त्याने वनस्पतिशास्त्राचे ज्ञान मिळविले.

१८२४ साली लंडनच्या उद्यानविद्या मंडळाने नव्या वनस्पती आणण्यासाठी त्याला उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे धाडले. पनामाचा कालवा तेव्हा नव्हता. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून आठ महिन्यांनी, १८२५ च्या एप्रिलमध्ये, तो कोलंबिया नदीच्या मुखाशी उतरला. उतरताच त्याला सलाल नावाचे झुडूप दिसले. त्याची पाने बारमाही हिरवी व तकतकीत, फुले इवल्या घंटांसारखी, आणि फळे काळसर जांभळी, करवंदाहून लहान. सलाल हे नाव तेथील चिनूक लोकांच्या भाषेतले. आपण आंबापोळी करतो, तशा ते लोक ही फळे कुटून, वाळवून वड्या करीत व हिवाळ्यासाठी साठवीत. आपल्या देशातील बागांनाही हे झुडूप शोभा आणील, हे डग्लसने ओळखले. जवळच गुलाबी फुलांची, नारिंगी फळांची सॅमनबेरीही होती. पुढे तांबड्या फुलांच्या करंटचे बीही त्याने पाठविले. त्याची फळे खाता येतात, पण बेचव! तरीही या एका झुडपाने साऱ्या मोहिमेचा खर्च भरून निघाला, असे लंडनमध्ये मानले गेले.

इतक्या लांबच्या समुद्रप्रवासात रोपे तगणे कठीण. म्हणून तो बी गोळा करी. झुडूप फुलात पाहावे, खूण ध्यानी ठेवावी, आणि फळ पिकल्यावर पुन्हा मैलोगणती चालून तेथे जावे, असा त्याचा क्रम असे. पावसात भिजलेले बी व कागद तो शेकोटीपाशी वाळवी; स्वतःचे कपडे मात्र ओलेच राहत. अशा भटकंतीत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १८३३ साली फ्रेझर नदीत त्याची होडी फुटली. तो भोवऱ्यातून कसाबसा वाचला. पण सुमारे चारशे वनस्पतींचे नमुने आणि रोजनिशी वाहून गेली.

तरीही तो थांबला नाही. १८३४ च्या जुलैमध्ये हवाई बेटावरून एकटाच जात असता, रानटी गुरे धरण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात त्याचा मृतदेह सापडला. आत एक बैलही होता. डग्लस अवघा पस्तीस वर्षांचा होता. त्याचा इमानी कुत्रा वाटेवर त्याच्या गाठोड्यापाशी बसून होता.