पाण्यावरून आकाशात : ग्लेन कर्टिस

विमान म्हटले की राइट बंधूंची नावे शाळकरी मुलाच्याही तोंडी येतात. परंतु धावपट्टी नाही, सपाट माळ नाही, चहूकडे नुसते पाणी, अशा जागेवरून विमान उडवावे आणि पुन्हा पाण्यावरच उतरवावे, ही कल्पना ज्याने आरमाराच्या उपयोगी आणली त्या ग्लेन कर्टिसची आपल्याकडे तशी उपेक्षाच झाली. जुन्या लष्करी विमानांच्या इतिहासाचा नाद असणारी आणि त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनविणारी मंडळी मात्र त्याचे नाव आदराने घेतात.

कर्टिसचा जन्म २१ मे १८७८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, क्युका सरोवराच्या काठी वसलेल्या हॅमंड्सपोर्ट या लहानशा गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आठवीनंतर शाळा सुटली ती कायमचीच. सायकलवरून तारा पोहोचविणे, शर्यतीत उतरणे, सायकली दुरुस्त करणे असे करीत करीत तो इंजिनांकडे वळला. जानेवारी १९०७ मध्ये स्वतः बनविलेल्या आठ सिलिंडरांच्या मोटारसायकलवर त्याने ताशी १३६ मैलांचा वेग गाठला! त्याच्या हलक्या पण दमदार इंजिनांची कीर्ती टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यापर्यंत गेली. त्यांनी स्थापन केलेल्या हवाई प्रयोग मंडळात कर्टिस दाखल झाला आणि ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ या विमानातून जाहीरपणे एक किलोमीटरहून अधिक अंतर उडून त्याने मानाचा चषक पटकाविला.

आता त्याचे लक्ष आरमाराकडे लागले. त्याच्याच बनावटीच्या विमानातून यूजीन एली या वैमानिकाने नोव्हेंबर १९१० मध्ये युद्धनौकेवरून उड्डाण केले आणि जानेवारी १९११ मध्ये दुसऱ्या नौकेवर विमान उतरविलेही. परंतु त्यासाठी नौकेवर लाकडी फलाट उभारावा लागे. असा अडथळा युद्धनौकेवर कायमचा कोण ठेवील? विमान नौकेच्या शेजारी पाण्यात उतरले आणि यारीने वर उचलून घेता आले, तर गोष्ट वेगळी!

पाण्यावरून पहिले उड्डाण मार्च १९१० मध्ये फ्रान्सच्या आंरी फाब्र याने केले होते; तो मान त्याचाच. परंतु उपयोगी पडेल असे यंत्र अजून घडायचे होते. कर्टिसने सॅन डिएगो येथे तराफ्यासारखा तरंडा विमानाखाली बसवून २६ जानेवारी १९११ रोजी पाण्यावरून उड्डाण केले. १७ फेब्रुवारीला तो ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेजवळ जाऊन उतरला. विमान यारीने वर घेतले गेले, पुन्हा पाण्यात सोडले गेले आणि तो उडून परतला. त्याच वर्षी अमेरिकी आरमाराने आपले पहिले विमान घेतले, ते कर्टिसचेच.

पुढची पायरी म्हणजे उडती नौका. होडीलाच पंख लावायचे! पण १९१२ च्या आरंभी तिने दाद दिली नाही. इंजिन गर्जे, नौका वेगाने धावे, पण तिचा गुळगुळीत तळ पाण्याला चिकटून बसे. कर्टिसने निरीक्षण केले आणि तळाला मध्येच एक पायरी दिली. त्या खाचेतून हवा आत शिरली, पाण्याची पकड सुटली आणि नौका उडाली. पुढील उडत्या नौकांनी हीच पायरी स्वीकारली.

त्याच्या चरित्राला दुसरी बाजूही आहे. राइट बंधूंशी पेटंटवरून त्याचा वर्षानुवर्षे दावा चालला. १९१४ मध्ये त्याने लँग्ली यांचे फसलेले जुने विमान फेरफार करून उडविले. राइट यांच्या आधीच उडू शकणारे विमान तयार होते असे भासविण्याचा तो प्रयत्न होता. ही गोष्ट त्याच्या लौकिकाला शोभणारी नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

त्याच वर्षी अटलांटिक ओलांडण्यासाठी त्याने ‘अमेरिका’ ही दोन इंजिनांची उडती नौका बांधली. ब्रिटिश आरमारातील जॉन पोर्ट तिचा वैमानिक होणार होता. तोच महायुद्ध भडकले. नौका ब्रिटिश आरमाराने घेतली आणि पोर्टने तिच्या तळात सुधारणा करून पाणबुड्यांवर गस्त घालणाऱ्या नौकांची परंपरा निर्माण केली. अटलांटिकचे स्वप्न मे १९१९ मध्ये पुरे झाले. न्यूफाउंडलंडहून तीन कर्टिस नौका निघाल्या. दोघींना वाटेत समुद्रावर उतरावे लागले. ‘एनसी-४’ मात्र अझोर्स बेटांवर थांबून २७ मे रोजी लिस्बनला पोहोचली. लिंडबर्गच्या उड्डाणाआधी आठ वर्षे!

२३ जुलै १९३० रोजी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी कर्टिसचे निधन झाले. हॅमंड्सपोर्टच्या संग्रहालयातील हौशी कारागिरांनी ‘अमेरिका’ची पूर्णाकृती प्रतिकृती बांधली आणि २००८ मध्ये ती क्युका सरोवरावरून उडविली. नौका पाण्यात असता तळाची ती पायरी कोणाला दिसत नाही. पण प्रतिकृती बनविणाऱ्याला ती कोरल्यावाचून गत्यंतर नसते. आठवी शिकलेल्या त्या कारागिराचे खरे स्मारक तेच आहे.