भुताचा जमाखर्च

१९८५ सालच्या थंडीतली गोष्ट. बँकेत लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि नेमणूक जळगावला होती. शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपले आणि रात्री शेवभाजीवर ताव मारून शाखेतले आम्ही चौघे शेवटच्या खेळाला ‘पुराना मंदिर’ पाहायला गेलो. सामरी नावाचा तो उंचापुरा सैतान पडद्यावर आला की थिएटरभर किंकाळी उठे आणि दुसऱ्याच क्षणाला हशा. मधेच जगदीप येऊन ‘शोले’ची नक्कल करून जाई. मूळ कथेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण एकही माणूस उठून गेला नाही. परतताना मात्र रस्त्यात एक पिंपळ लागला आणि आम्ही चौघेही एकदम गप्प झालो. लहानपणी आजीने सांगितलेला मुंजा प्रत्येकाच्या मनात जागा झाला असावा.

सोमवारी शाखेत मी त्या चित्रपटाची यथेच्छ टिंगल केली. रामसे म्हणजे कोणी गोरा साहेब असावा, अशीही माझी समजूत होती.

तो साहेब नव्हता. फत्तेचंद रामसिंघानी हे त्यांचे नाव. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर आडनाव चढेना, म्हणून त्याचे रामसे झाले. १९४७ मध्ये कराची सुटली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्यांनी पुन्हा दुकान थाटले. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या अनेक दुकानदारांची खाती मी पुढे सांभाळली. सर्वस्व मागे टाकून आलेला माणूस पैसा कसा जपतो आणि वेळ आली की तोच कसा पणाला लावतो, हे त्यांच्या वह्यांतून मी पाहिले आहे. फत्तेचंद त्याच मुशीतले.

दुकानावर त्यांचे समाधान झाले नाही. ते चित्रपटनिर्मितीकडे वळले. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ त्यांचाच. पृथ्वीराज कपूर, सुरैया आणि दिग्दर्शनाला ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर! पुढे १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आला. दिग्दर्शक पुन्हा बेडेकरच. हा चित्रपट आपटला. पण त्यात एक प्रसंग होता. भयंकर मुखवटा चढवून पृथ्वीराज वस्तुसंग्रहालयात चोरीला शिरतात. फत्तेचंदांच्या तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून पाहिले, की एरवी कंटाळलेले प्रेक्षक तेवढ्यापुरते खुर्चीत सावरून बसतात. मुलांनी वडिलांना सांगितले की आता संपूर्ण चित्रपटच भीतीचा काढू.

वडिलांनी ऐकले.

मुले एकूण सात. चित्रपटाचे तंत्र शिकवायला त्यांनी मुलांना काश्मीरला हाउसबोटीवर नेले आणि एका अमेरिकी पुस्तकावरून घरचीच शाळा भरवली. मग वाटणी झाली. कुमार पटकथा लिहिणार, गंगू कॅमेरा सांभाळणार, किरण ध्वनी, केशू निर्मिती, अर्जुन संकलन. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला चित्रित केला. सारी मंडळी बसने गेली, सरकारी विश्रामगृहात उतरली. स्वयंपाकाला घरच्याच बायका. त्यांचे नाव श्रेयनामावलीत शोधू नये. खर्च सुमारे साडेतीन लाख. चित्रपट चालला आणि पुढची सतरा-अठरा वर्षे हे कुटुंब वाडे, तळघरे आणि स्मशाने यांवर जगले.

दोष कोणाला दिसत नव्हते? रात्रीच्या प्रसंगात भलतीकडूनच उजेड येई. ज्या खोलीत जाऊ नये, तिथेच पात्र एकटे जाई. अंगप्रदर्शनाची दृश्ये अशी, की घरच्यांसोबत बसणे अवघड. तरीही लोक येत. पुढचा बळी कोण, हे प्रेक्षकाला नायकाच्या आधी कळत असे आणि त्यातच निम्मी गंमत होती. भीती खरी होती. पण तिची शिवण दिसत होती, म्हणून हसताही येत होते. अमेरिकेत १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरने ‘हॅलोविन’ काढला, तेव्हा खुन्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरांच्या आत आणून पांढरा रंगवला होता. गरिबीतले भूत सगळीकडे सारखेच.

माझ्यातला बँक अधिकारी हे प्रकरण पुनःपुन्हा तपासतो. अर्जदाराचा मागचा उद्योग बुडीत. तारण नाही. कामगार सगळे घरचेच आणि पुरेसा अनुभव कोणाला नाही. असा प्रस्ताव धुळ्याच्या शाखेत माझ्या टेबलावर आला असता, तर मी दहा मिनिटांत नामंजूर केला असता आणि नियमाने ते बरोबरच ठरले असते.

तसा एक प्रस्ताव मी नामंजूर केलाही आहे. २००७ साली माझा एकोणीस वर्षांचा मुलगा पुण्याला जाऊन कॅमेरा शिकतो म्हणाला. मी कागद घेतला, फी, राहण्याचा खर्च आणि उत्पन्नाची अनिश्चितता मांडून दाखवली. तो इंजिनिअर झाला. त्याचे चांगले चालले आहे; त्याने कधी बोलून दाखवले नाही. पण फत्तेचंदांनी ऐन तोट्याच्या काळात दोन मुलांचे ऐकले, हे वाचले, तेव्हापासून तो कागद मला आठवतो.

फत्तेचंद १९८९ मध्ये गेले. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’मधून रामसेंचे भूत घरोघरी पोहोचले. तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये.

गेल्या दिवाळीत मुलगा आणि सूनबाई धुळ्याला आले होते. एका रात्री त्याने ‘पुराना मंदिर’ लावला. सामरी आला, सूनबाई किंचाळली, मग आम्ही सगळेच हसलो. हसू ओसरल्यावर मुलगा सांगू लागला की इथे दिवा खाली ठेवला आहे, म्हणून सावली छतावर गेली. तो धूर पाठीमागून सोडला आहे. हे दृश्य एकाच कॅमेऱ्याने दोनदा घेतले आहे. बराच वेळ तो बोलत होता.

हे सारे त्याला कुठून ठाऊक, हे मी विचारले नाही.