रक्तवाहिन्यांना ‘सूज’ येते हे दीडशे वर्षांपूर्वीच ओळखणारा डॉक्टर

हार्ट अटॅक म्हटलं की खामगाव असो, चिखली असो की मुंबई, पहिला प्रश्न एकच : कोलेस्टेरॉल किती? पण रिपोर्ट नॉर्मल असलेल्यांनाही अटॅक येतो. असं का होतं, याचा धागा एका जर्मन डॉक्टरला १९व्या शतकातच सापडला होता. त्यांचं नाव रुडॉल्फ विरशॉ. शाळेत पेशीपासूनच पेशी तयार होते असं शिकलो ना, तेच हे.

विरशॉ यांचा जन्म १८२१चा. १८४३ मध्ये बर्लिनला ते डॉक्टर झाले. १८४८ मध्ये सायलेशियात टायफसची साथ आली आणि सरकारनं त्यांना पाहणीला धाडलं. रोगाचं मूळ गरिबीत आणि सरकारच्या दुर्लक्षात आहे, असा रिपोर्ट त्यांनी दिला. त्याच वर्षीच्या क्रांतीतही उतरले. सरकार नाराज झालं आणि १८४९ मध्ये त्यांना बर्लिन सोडावं लागलं. १८५६ मध्ये ते मानानं परतले.

याच काळात त्यांनी मृतांच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली तपासल्या. रक्तातला गाळ भिंतीवर साचतो, असं व्हिएन्नाचे रोकिटान्स्की मानत. विरशॉ म्हणाले, बिघाड भिंतीच्या आत आहे, तिथं दाह होतो.

१९०२ मध्ये चालत्या ट्राममधून उतरताना विरशॉ पडले, मांडीचं हाड मोडलं आणि त्याच वर्षी ते गेले. पुढं १९१३ मध्ये सशांवरच्या प्रयोगांनी कोलेस्टेरॉल चर्चेत आलं आणि दाहाचा मुद्दा मागं पडला.

आज कळतंय की दोन्ही खरं आहे. कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, ते गिळायला रोगप्रतिकारक पेशी धावतात, फुगतात आणि तिथंच अडकतात. दाह वाढला की वरचा पापुद्रा फाटतो, गुठळी होते आणि अटॅक येतो.

याचा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. आधी अटॅक येऊन गेलेल्या १० हजारांहून जास्त रुग्णांवर दाह कमी करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं, तरी अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटला. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, त्यामुळं हे औषध सरसकट वापरात आलं नाही.

म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. पण तंबाखू, पोटाचा घेर, शुगर आणि हिरड्यांची सूज यांच्याकडंही बघा. शरीरातला दाह तिथूनही वाढतो.